एका उत्तराला लागलेली जागा

त्या पत्राचं उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याला आता सहा वर्षं होत आली होती. पत्र कार्डकाकांना तोंडपाठ होतं. निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात, जेमतेम सहा-सात ओळी: "आपल्या वाचनालयात 'छत्री दुरुस्त करण्याच्या एकवीस रीती' या पुस्तकाची प्रत असल्याचं कळलं. ते माझ्या वडिलांनी लिहिलं. आमच्या घरची प्रत पुरात गेली. पान अडतीसवर त्यांनी काढलेलं माझं चित्र आहे. मी सात वर्षांची, उलट्या झालेल्या छत्रीखाली उभी. पुस्तक आहे का? असल्यास एकदा येऊन बघावं म्हणते. वाट पाहते."

पुस्तक होतं. पत्र आलं त्याच दिवशी काका शिडीवर चढले, पुस्तक काढलं, पान अडतीस उघडलं. मुलगी उभी होती, छत्री उलटी होती, सगळं जिथल्या तिथे होतं. उत्तर एका शब्दाचं होतं. पण पहिल्याच दिवशी मायन्यावर घोडं अडलं. 'आदरणीय' लिहावं की 'माननीय', याचा निर्णय होईपर्यंत आठवडा गेला. मग आठवडाभराच्या उशिराबद्दल माफी मागणं आलं. माफी नीट जमेपर्यंत महिना लोटला आणि आठवड्याची माफी अपुरी पडली. महिन्याची माफी लिहून होते तोवर वर्ष सरलं. अशी ती माफी दर वर्षी वाढत वाढत आता तीन पानांची झाली होती आणि अजूनही ती काकांच्या मनासारखी नव्हती.

कार्डकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वाचनालयात अडतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड लिहायचं आणि ते लाकडी खणात लावून ठेवायचं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी ते रोज दहाला यायचे आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचे. कोणी "काका, उठा" म्हणालं नाही, आणि "बसलो तर चालेल ना?" हे विचारायचा धीर काकांना झाला नाही.

चार महिन्यांपूर्वी वाचनालयात संगणकाची यादी आली. ती आणली काकांच्या पुतणीने. ती दूरच्या शहरात संगणकाच्या कंपनीत होती. एका सुट्टीत आली, आठ दिवस मांडी ठोकून बसली आणि चौदा हजार कार्डं उतरवून घेऊन तिने यादी उभी केली, तीही फुकट. पहिल्या दिवशी ग्रंथपाल बाईंनी पुस्तकाचा एक क्रमांक दाबला. बोट वर उचलायच्या आत पडद्यावर नाव हजर! बाई चक्क उडाल्याच. वाचनालयाचा शिपाई, ज्याला काडीसारख्या अंगामुळे सगळे पैलवान म्हणत, त्याने टाळ्या वाजवल्या.

"एवढं झटपट कसं गं?" बाईंनी विचारलं होतं.

"सगळी यादी मेमरीत आहे, बाई. डिस्कवर जाऊन शोधायचंच नाही. डिस्क म्हणजे तुमचं ते मागचं कपाट समजा आणि मेमरी म्हणजे समोरचं टेबल. कपाटापर्यंत चालत जायला वेळ लागतो. टेबलावर नुसता हात टाकायचा!" मग ती काकांकडे वळली. "आणि काका, तुमच्यासाठी खास सोय केलीय. प्रत्येक पुस्तकापुढे शेऱ्याची चौकट आहे. हवं तेवढं लिहा. दर पाच सेकंदांनी ते आपोआप जपलं जातं. खाडाखोड केलीत तरी आधीचं पुसलं जात नाही. तेही राहतं."

आधीचं पुसलं जात नाही! काका त्या दिवशी घरी गेले ते तरंगतच. आयुष्यभर त्यांना एकच भीती होती. बरोबर शब्द खोडला जाईल आणि चुकीचा मागे राहील. आता काहीच हरवणार नव्हतं. दुसऱ्याच दिवशी दुपारी कोपऱ्यातल्या संगणकावर त्यांनी छत्रीच्या पुस्तकाची नोंद उघडली आणि शेऱ्याच्या चौकटीत पत्राचं उत्तर लिहायला घेतलं. पुस्तकाजवळ त्याचं पत्र असावं, एवढाच त्यांचा साधा हिशोब. तेव्हापासून दुपारी दोन ते चार हा त्यांचा नेम झाला.

बाई झपाट्याच्या बाई होत्या. यादी संगणकात गेल्यावर कार्डं कशाला, असं म्हणून त्यांनी कार्डांचे खण रिकामे केले आणि मागची कोरी बाजू वर करून त्यांच्या चिठ्ठ्या केल्या. वाचकांनी हवं ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं. काकांना वाईट वाटलं. पण आपल्याला वाईट वाटणं योग्य आहे का, याची खात्री नसल्याने ते बोलले नाहीत.

आणि मग तो तपासणीचा दिवस आला.

वाचनालयाच्या मंडळाने ठराव केला होता: जे पुस्तक यादीत नाही ते वाचनालयाचं नाही. लोक येता-जाता गठ्ठेच्या गठ्ठे आणून टाकतात, कोणी अंदाजाने क्रमांकही चिकटवतं, पण नोंद कुठेच नसते, कपाटं उगाच अडतात. अशी बेवारस पुस्तकं साडेबारा वाजता येणाऱ्या ट्रकमधून कागदाच्या कारखान्यात जायची होती. पन्नासएक निघतील, असा सगळ्यांचा अंदाज होता.

सकाळी आठला काम सुरू झालं. पैलवान शिडीवर, बाई संगणकापाशी.

"चार हजार दोनशे सात!"

"आहे."

"आठ!"

"आहे."

"नऊ!"

"नाही. टाका खाली."

साडेनऊला ढीग पैलवानाच्या गुडघ्याला लागला. साडेदहाला कमरेला. अकराला पैलवान ढिगाच्या पलीकडून नुसता ऐकू येऊ लागला. दाराजवळ रोज पेपर वाचत बसणाऱ्या आजोबांनी खुर्ची दोनदा मागे घेतली.

काका ढिगाभोवती फेऱ्या मारत होते. त्यांना त्यात ओळखीचे चेहरे दिसू लागले होते. विहिरीच्या पाण्याची परीक्षा. गाठींचे प्रकार, खंड पहिला आणि दुसरा. पूल बांधणाऱ्या एका माणसाचं चरित्र, ज्याची पानं त्यांनी स्वतः डिंकाने चिकटवली होती. या सगळ्यांची कार्डं आपण लिहिली होती, असं त्यांना पक्कं वाटत होतं. पण संगणक नाही म्हणत होता. आणि यंत्रापुढे काकांचा टिकाव कधीच लागला नव्हता. वजनाच्या काट्याने जास्त वजन दाखवलं, तर ते काट्याला "माफ करा" म्हणून उतरणारे होते.

"बाई, माझ्याच हातून राहिलं असेल," ते हळूच म्हणाले.

"काका, एखादं राहील. ही अकराशे आहेत!"

"अकराशे राहिली असतील."

असं म्हणून ते कोपऱ्यात गेले. जीव घाबरा झाला की त्यांना पत्र सुधारल्याशिवाय चैन पडत नसे. त्यांनी 'उशीर' काढून 'विलंब' केलं. वाचून पाहिलं. 'विलंब' काढून पुन्हा 'उशीर' केलं. टक, टक, टक.

इकडे बाईंना त्या ढिगाची दया आली. "ही चाळीस तरी चांगली दिसतायत हो. नव्याने नोंदवते यांना." त्यांनी भराभरा चाळीस पुस्तकं यादीत घातली. मन थोडं हलकं झालं. एवढ्यात पैलवान शिडीवरून खाली वाकला.

"बाई, हे पुस्तक मी सकाळीच तपासून कपाटात परत ठेवलं होतं. तुम्हीच 'आहे' म्हणालात."

"मग?"

"आता चुकून पुन्हा नंबर सांगितला तर तुम्ही 'नाही' म्हणताय."

"मी कुठे म्हणतेय? संगणक म्हणतोय!"

"तेच ना. तुमचं दोघांचं आधी एकमत करा आणि मग मला वर चढवा."

बाईंनी सकाळचं पहिलं कपाट पुन्हा तपासायला घेतलं. निम्मी पुस्तकं गायब! कपाटात होती, यादीत नव्हती. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. घाईघाईने त्या एक आत घालायच्या, तर दुसरं बाहेर पडलेलं असायचं. दोन घातली की दोन जायची. पैलवानाचे डोळे चमकले. "बाई, आत कोणीतरी बसलंय आणि मागच्या दाराने काढतंय!"

नेमके तेव्हाच पेपरवाले आजोबा काकांच्या टेबलापाशी आले आणि त्यांनी चिठ्ठी पुढे केली. "सोमवारचा पेपर मिळेल का? कोणीतरी शब्दकोडं कापून नेलंय."

काकांनी चिठ्ठी घेतली आणि सवयीने उलटी केली. मागे त्यांचंच अक्षर होतं, वळणदार, काळ्या शाईतलं. 'गाठींचे प्रकार, खंड दुसरा. क्रमांक ४२०९.' काकांनी चिठ्ठीकडे पाहिलं. ढिगाकडे पाहिलं. ढिगाच्या अगदी तळाशी, कडेला, पोटावर पालथं, गाठींचे प्रकार, खंड दुसरा पडलं होतं. पाठीवर क्रमांक ४२०९.

म्हणजे कार्ड होतं. म्हणजे नोंद झाली होती. म्हणजे संगणक चुकत होता!

काकांना आयुष्यात पहिल्यांदा खात्री वाटली, आणि ती एवढ्या जोरात वाटली की ते धावले. ज्या दालनात त्यांनी अडतीस वर्षं लोकांना "हळू चाला" म्हणून खुणावलं, त्याच दालनात हातात चिठ्ठी फडकवत कार्डकाका धावले.

"बाई! मी बरोबर आहे!"

दालनातल्या सगळ्या माना वर झाल्या. काका दचकले. आवाज खाली आणत म्हणाले, "म्हणजे... असावा. असं वाटतं."

बाईंनी कार्ड पाहिलं, पुस्तक पाहिलं आणि फोन उचलला. त्याच क्षणी फाटकाशी ट्रकचा भोंगा वाजला. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

पुतणी जेवणाच्या सुट्टीत सापडली. बाईंनी फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला, म्हणजे हात मोकळे.

"बाई, लवकर बोला. साडेबाराला माझी मीटिंग आहे. मग संध्याकाळपर्यंत फोन बंद. काय झालं?"

"तुझी यादी पुस्तकं खातेय!"

"खात नाही हो ती. थांबा, बघते इथून." फोनमधून कळा दाबल्याचा खडखडाट आला आणि मग एक किंकाळी. "बाई! मेमरी काठोकाठ भरलीय!"

"चौदा हजार पुस्तकांनी?"

"छे, चौदा हजार पुस्तकं म्हणजे कोपऱ्यातली चिमूटभर! दुसरंच काहीतरी येऊन बसलंय टेबलावर."

"अगं, पण भरली तर सांगायचं ना त्याने! ओरडायचं!"

"ओरडत नाही ते. जागा करतं. ज्या नोंदीला सगळ्यात जास्त दिवस कोणी हात लावला नाही, ती टेबलावरून काढून टाकतं. नुसतं 'आहे का' विचारलेलं त्यात धरत नाही. नवीन काही लिहायला घेतलं की जुनं एक टाकतं. मीच तसं सांगून ठेवलंय त्याला."

"तू सांगितलंस?"

"रीतच आहे ती, बाई. न लागणारं टेबलावरून काढायचं आणि लागलं की मागच्या कपाटातून परत आणायचं."

"मग आण ना परत कपाटातून!"



"कपाट जोडायचं राहिलंय," पुतणी म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता. "पुढच्या सुट्टीत जोडणार होते."

'ज्याला कोणी हात लावला नाही' हे ऐकल्यापासून काका ढिगाकडे बघत होते. विहिरीच्या पाण्याला कोण हात लावणार? पूल बांधणाऱ्याला कोण? बिचारी अडतीस वर्षं शहाण्यासारखी उभी होती, कोणी बोलवलं नाही म्हणून काही बोलली नाहीत आणि आता त्याचीच शिक्षा. काकांना ते फार जवळचं वाटलं. ते आपल्या कोपऱ्यात जाऊन बसले. हात आपसूक कळांवर गेले.

"बंद करून पुन्हा सुरू करू का?" बाई विचारत होत्या. "आमच्या पंख्याचं तसंच आहे."

"अजिबात नको! वीज गेली की मेमरीतलं सगळं जातं. टेबल साफ!"

"सगळंच?"

"तासातासाला एक नक्कल डिस्कवर पडते, पण ती जुनीवरच नवी. तिच्यातही तुमची ती पुस्तकं नसणार आता. अहो, थांबा. हे काय? अजून भरतंय! आत्ता, या क्षणी! दर पाच सेकंदांनी! कोणीतरी लिहितंय! कोण लिहितंय?"

बाईंनी दोन्ही हात वर केले. पैलवानाने काखेतली पुस्तकं खाली ठेवून दोन्ही हात वर केले. पेपरवाल्या आजोबांनीही, कशाला ते न कळता, पेपरासकट हात वर केले. दालनात टाचणी पडली तरी ऐकू यावं अशी शांतता झाली. त्या शांततेत कोपऱ्यातून आवाज येत होता.

टक. टक, टक.

सगळे वळले. काकांनी कळांवरून हात उचलले, जणू चटका बसला.

"थांबलं!" फोन ओरडला.

काकांचा विश्वास बसेना. खरंच आपल्यामुळे? त्यांनी हळूच एक कळ दाबून पाहिली.

"सुरू झालं!"

काकांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"आता बघते कोण एवढी जागा अडवून बसलंय ते," पुतणी पुटपुटली. "सगळ्यात मोठी नोंद... सापडली. 'छत्री दुरुस्त करण्याच्या एकवीस रीती'. शेरा. या एका शेऱ्याच्या प्रती आहेत... काका! अठ्ठ्याण्णव हजार चारशे बारा!"

"अगं, तूच म्हणालीस, आधीचं पुसलं जात नाही," काका क्षीण आवाजात म्हणाले.

"मला वाटलं तुम्ही दोन-चार ओळी लिहाल! हे तीन-तीन पानांचं काय आहे? दर पाच सेकंदांनी अख्खी तीन पानं!"

बाईंनी तोवर शेरा उघडलाही होता आणि उतावीळपणाने मोठ्याने वाचायलाही घेतला होता. "'सन्माननीय भगिनी, उत्तरास झालेल्या विलंबाबद्दल, तसेच त्या विलंबाची क्षमा मागण्यास झालेल्या विलंबाबद्दल, आणि सदर क्षमेचे यापूर्वीचे मसुदे आपणापर्यंत न पोहोचल्याबद्दल...'"

काकांना वाटलं, आता धरणीने पोटात घ्यावं. सहा वर्षं जे कोणाला दाखवलं नाही ते बाई भर दालनात खणखणीत आवाजात वाचत होत्या आणि वीस-पंचवीस वाचक कान देऊन ऐकत होते.

"भाषा चांगली आहे," पैलवान म्हणाला.

"पुढे वाचा, पुढे वाचा," आजोबा म्हणाले.

बाईंनी तीनही पानं वाचली. दम लागला. पाणी प्यायल्या. मग काकांकडे वळल्या. "काका, कोण आहेत या बाई? काय विचारलंय त्यांनी?"

काकांनी खिशातून ते निळ्या शाईचं पत्र काढून दिलं. बाईंनी ते वाचलं. मग पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"यांनी विचारलंय, पुस्तक आहे का?"

"हो."

"आहे का?"

"आहे ना. पान अडतीसही आहे."

"मग ते यात कुठेय?"



"मी शोधते," फोनमधून आवाज आला. "'छत्री' शब्द शोधते सगळ्या प्रतींत... एकही नाही. 'अडतीस'... एकही नाही. काका, अठ्ठ्याण्णव हजार वेळा लिहिलंत आणि पुस्तक आहे हे एकदाही नाही लिहिलंत!"

"माफी संपल्यावर लिहिणार होतो," काका म्हणाले.

बाहेर पुन्हा भोंगा वाजला. ट्रकवाला दारात येऊन उभा राहिला होता. गडी उंच, आवाज त्याहून उंच. "बाई, भरू का? मला एक वाजता दुसरीकडे जायचंय." आणि 'नको' म्हणायच्या आत त्याने दोन हातांत मावतील तेवढी पुस्तकं उचललीसुद्धा.

"अहो थांबवा त्यांना!" काका म्हणाले.

"कशी थांबवू?" बाई काकुळतीला आल्या. "यादी बदलणं माझ्या हातात आहे, ठराव बदलणं नाही. मंडळाला साडेबाराला छापील यादी द्यायचीय. तिच्यात नाही ते जाणार!"

"मूळ चौदा हजारांची यादी माझ्याकडे आहे, बाई," पुतणी घाईघाईने म्हणाली. "आठ दिवस बसून उतरवली ती. दहा-बारा सेकंदांत परत घालते. पण घालू कुठे? जागा तर या पत्राने अडवलीय. आत्ता यादी घातली तर हजार आत येतील आणि हजार बाहेर पडतील."

"मग तुझं ते टेबल मोठं कर!"

"मशीनमध्ये तेवढीच मेमरी आहे हो. मर्यादा वाढवली तर मशीनचाच श्वास कोंडेल. मग ते स्वतः जगायला सगळ्यात जास्त खाणाऱ्याला गचांडी देतं. म्हणजे आपल्या अख्ख्या यादीलाच! काका, ऐका. यातली एक प्रत ठेवते. बाकी पुसते. कोणती ठेवू?"

काका पांढरेफटक पडले. "पुसू नकोस गं, बाळा. त्यातली एक बरोबर असणार."

"कोणती?"

"सत्तेचाळीस हजारांच्या आसपास एक बरी उतरली होती."

"काका!"

"किंवा परवाची. नाही, परवाच्यात 'क्षमस्व' होतं. ते जरा कोरडं वाटतं..."

"बारा वीस झालेत!" बाई ओरडल्या.

"ही गाठींवाली दोन्ही घेऊ ना?" ट्रकवाला दारातून ओरडला आणि उत्तराची वाट न बघता गाठींचे प्रकार, खंड पहिला हवेतून ट्रकमध्ये गेला. त्याच्यामागून विहिरीच्या पाण्याची परीक्षा. धप्. धप्.

तो आवाज काकांच्या काळजात गेला. प्रत्येक धप्‌मागे एक कार्ड होतं आणि प्रत्येक कार्ड त्यांनी बसून, शाई वाळेपर्यंत थांबून लिहिलं होतं. तेव्हा कुठे शंका आली होती? पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, क्रमांक. आहे ते लिहायचं. चौदा हजार वेळा त्यांनी फक्त 'हे आहे' एवढंच लिहिलं होतं आणि एकदाही हात थबकला नव्हता.

काका ताडकन उठले. बाईंच्या टेबलाचा खण उघडला. आत लाल पोस्टकार्डांचा गठ्ठा होता. पुस्तक वेळेवर परत न करणाऱ्यांना पाठवायची ती छापील पोस्टकार्डं. मजकूर ठरलेला: 'आपणास फार विलंब झाला आहे. कृपया लवकर वाचनालयात यावे.' काकांनी एक ओढलं, पेन उघडलं, छापील 'आपणास' खोडलं आणि त्याच्या डोक्यावर लिहिलं, 'मला'. खाली एक ओळ जोडली, कार्डावर लिहायचे तशीच, वळणदार: 'पुस्तक आहे. पान अडतीस शाबूत आहे.' सही केली आणि पाठीमागे पत्रावरचा पत्ता उतरवला.

सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल.

"पूस," ते फोनकडे बघून म्हणाले. "सगळं पूस."

"सगळं? नक्की?"

"आता विचारू नकोस गं. विचारलंस की मला वाटायला लागतं."

फोनमध्ये एकच कळ वाजली. "गेलं! मेमरी उतरतेय... नव्वद... साठ... वीस... चार टक्के! काका, चार टक्के! अख्खं टेबल रिकामं! घालते यादी. पाच हजार... नऊ हजार... चौदा! बाई, विचारा!"

बाईंनी ४२०९ दाबलं.

"आहे!"

"काय आहे?" पैलवान ढिगापलीकडून.

"गाठींचे प्रकार, खंड दुसरा! आहे!"

मग जे सुरू झालं ते त्या वाचनालयाने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. पैलवान ढिगातून क्रमांक ओरडायचा, बाई "आहे!" म्हणायच्या आणि अख्खं दालन मागून "आहे!" म्हणायचं. वाचकांची ट्रकपासून कपाटापर्यंत साखळी लागली. पेपरवाले आजोबा साखळीच्या मधोमध उभे राहून प्रत्येक पुस्तकाचं नाव वाचल्याशिवाय ते पुढे देत नव्हते आणि मागचे त्यांना ढोसत होते. पूल बांधणारा माणूस तर वाटेतच कोणीतरी घरी वाचायला मागितला. साडेबाराला छापील यादी मंडळाकडे रवाना झाली. ढीग संपला तेव्हा खाली फक्त एकोणीस पुस्तकं उरली, खरोखरची बेवारस, आणि त्यांतली अकरा एकाच पुस्तकाच्या प्रती होत्या.

"काका, माझी मीटिंग केव्हाच सुरू झाली, मी पळते," पुतणी धापा टाकत म्हणाली, जणू तीच धावली होती. "कपाट आज रात्रीच जोडते. आणि शेऱ्याला मर्यादा घालते, दोनशे अक्षरं. तुम्ही ते पत्र पाठवा. खरंच पाठवा. ऐकताय ना?"

"पाठवतो."

"आजच."

"आज... हो. म्हणजे एकदा वाचून..."

फोन बंद होण्याआधी बाई आणि पुतणी दोघींनी एकाच वेळी सुस्कारा सोडला. बाईंनी काकांना एकट्याने टपालपेटीपर्यंत जाऊ द्यायचं नाही, हे मनाशी ठरवून टाकलं. त्यांनी ट्रकवाल्याला हाक मारली.

"अहो, तुम्ही कोपऱ्यावरूनच जाणार ना? आमच्या काकांना पेटीपाशी सोडा. आणि पत्र आत पडलेलं डोळ्यांनी बघा."

ट्रकवाला आधीच वैतागलेला होता. शेवटच्या एकोणीस पुस्तकांकडे बघून तो आणखी वैतागला. पण काका शिडीसारखी उंच पायरी चढून त्याच्या शेजारी बसले, पोस्टकार्ड दोन्ही हातांनी छातीशी धरून. ट्रक निघाला. थोडं अंतर गेल्यावर ट्रकवाल्याला राहवेना.

"काय लिहिलंय एवढं त्यात?"

"पुस्तक आहे म्हणून."

"आणि?"

"आणि पान अडतीस."

"एवढंच? याच्यासाठी मला मघापासून तंगवलं?"

"सहा वर्षं लागली," काका अपराधी चेहऱ्याने म्हणाले.

ट्रकवाल्याने त्यांच्याकडे नीट वळून पाहिलं आणि गाडी थोडी हळू केली. पेटी आली तसा त्याने ट्रक अगदी तिला खेटून उभा केला, म्हणजे काकांना खाली उतरायचीही गरज पडू नये. काकांनी खिडकीतून हात बाहेर काढला. पोस्टकार्ड खाचेत अर्धं गेलं आणि तिथेच थांबलं.

"मी काय म्हणतो, 'शाबूत' ऐवजी 'सुस्थितीत'..."

"आजोबा!"

"आणि पत्ता बदलला असेल तर?"

"परत येईल."

"आणि त्या..." काका थांबले. हा प्रश्न त्यांनी सहा वर्षांत एकाही मसुद्यात लिहिला नव्हता. "त्यांनी वाट पाहणं सोडलं असेल तर?"

ट्रकवाल्याने डोकं खाजवलं. "माझ्या आईची अशीच एक छत्री होती," तो म्हणाला. "मोडकी. टाकून देऊ दिली नाही. बायका वाट बघायचं सोडतात होय? सोडा तुम्ही ते पत्र."

काकांच्या चिमटीत पत्राचं टोक होतं. मागे एक बस येऊन अडकली होती. बसवाल्याने थोडा वेळ धीर धरला आणि मग कानठळ्या बसतील असा भोंगा वाजवला. काका दचकले. बोटं सुटली. पत्र आत पडलं.

काकांनी खिडकीतून पार वाकून खाचेत डोळा लावला. आत काळोख होता आणि पत्रातलं एक अक्षरही आता सुधारता येत नव्हतं.